पेशीचा उंबरठा आणि मीठ-साखरेचे पाणी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



मराठी माध्यमातून विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना बेदाण्यांचा प्रयोग आठवत असेल. एका वाटीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे दाट पाणी. पहिल्या वाटीतील बेदाणे तासाभरात टरारून फुगत. तेच फुगलेले बेदाणे दुसऱ्या वाटीत टाकले, की पुन्हा सुरकुतत. मग फळ्यावर शब्द येत : प्रद्रव्यपटल, निवडक्षम पारपटल, विसरण, परासरण, समपरासारी द्रावण. परीक्षेपुरते ते पाठ होत आणि पुढे बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जात. वस्तुतः घरात लहान मूल आजारी पडले, की ज्या एका ज्ञानावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो, ते ज्ञान याच पाच शब्दांतून उभे राहिलेले आहे. या व्याख्यानाचा विषय तो आहे : पेशी आपल्या उंबरठ्यावरून काय आत घेते, काय बाहेर टाकते, आणि हे कळण्यास लागलेला वेळ किती महाग पडला.

पेशीभोवतीचे पटल जाडीला मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. ते मुख्यतः मेदाचे असते, आणि मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात. ही गोष्ट १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी दाखविली. तांबड्या रक्तपेशींतील मेद त्यांनी वेगळा काढला, पाण्यावर एकेरी थरात पसरविला आणि त्याने किती जागा व्यापली ते मोजले. ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. गंमत अशी, की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानात असे भाग्य क्वचितच लाभते.

तेलकट भिंतीतून काय आरपार जाईल? प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात, कारण ते लहान असून त्यांच्यावर विद्युतभार नसतो. जिकडे दाटी अधिक तिकडून जिकडे ती कमी तिकडे ते आपोआप पसरतात. हे झाले विसरण. यासाठी पेशीला कवडीही खर्चावी लागत नाही. मीठ मात्र पाण्यात विरघळले, की त्याचे सोडिअम आणि क्लोराइड असे भारित कण होतात आणि तेलाच्या थरापाशी ते अडतात. ग्लुकोज मोठे आणि पाणीप्रिय, तेही अडते. पाण्याचा थोडा अंश झिरपतो, परंतु वेगाने ये-जा करण्यासाठी त्यालाही खास वाट लागते. ती वाट म्हणजे पटलात बसविलेले एक नळीसारखे प्रथिन. पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ च्या सुमारास ते ओळखले आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. अशा एका नळीतून एका सेकंदात पाण्याचे अब्जावधी रेणू जातात.

परंतु पाण्याला स्वतःची इच्छा नसते. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे ते ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की फोडींना पाणी सुटते, ते याच कारणाने. रुग्णाच्या शिरेत नुसते शुद्ध पाणी सोडले, तर रक्तपेशी फुगून फुटतील. म्हणून सलाईनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. ते रक्ताशी समपरासारी असते. शरीरात पाणी कोणत्या बाजूला वळवायचे असेल, तर आधी मीठ त्या बाजूला न्यावे लागते. पाणी मिठामागून जाते, हे सूत्र पुढील सर्व कथेत ध्यानी ठेवावयाचे आहे.

मीठ न्यायचे कसे? येथे पेशीला खर्च करावा लागतो. १९५७ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे येन्स स्काऊ खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करीत होते. तेथे त्यांना पटलातील असे एक विकर सापडले, जे एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्चून सोडिअमचे ३ कण पेशीबाहेर फेकते आणि पोटॅशिअमचे २ कण आत ओढते. उताराच्या उलट दिशेने होणारे हे काम म्हणजे विहिरीचे पाणी मोटेने वर काढण्यासारखे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या इंधनाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा केवळ या पंपावर खर्च होतो. स्काऊंना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९७ साली, म्हणजे तब्बल ४० वर्षांनी. इतका खर्च करून पेशीला काय लाभते? तिच्या आत सोडिअमची सतत टंचाई राहते आणि बाहेर त्याची गर्दी. त्यामुळे वाट मिळताच सोडिअम आत धावण्यास उत्सुक असतो. धरणाच्या भिंतीमागे साठलेल्या पाण्याप्रमाणे ही साठवलेली शक्ती आहे.

या शक्तीचा उपयोग लहान आतडे फार चतुराईने करते. आतड्याच्या अस्तराची प्रत्येक पेशी दोन दारांच्या घरासारखी असते. पुढील दार अन्नाच्या पोकळीकडे, मागील दार रक्ताकडे. पंप मागील दाराशी बसविलेला असतो आणि सोडिअम अखंड रक्ताकडे ढकलीत असतो. पुढील दाराशी एक वाहक प्रथिन असते. त्याचा नियम विलक्षण आहे : जोडीने येईल त्यालाच प्रवेश. सोडिअमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले, तरच ते वळते आणि तिघांना आत सोडते. एकट्या ग्लुकोजला तेथे थारा नाही, एकट्या सोडिअमलाही नाही. आत आलेले दोघे मागील दाराने रक्तात जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. क्रेन यांच्यापुढे प्रश्न होता तो साखर कशी शोषली जाते एवढाच. या वाटेने मीठ आणि पाणीही आत नेता येईल आणि मरणारा माणूस वाचेल, हा विचार त्या मांडणीत नव्हता.

निरोगी माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातील सुमारे दोन लिटर आपण खातो-पितो त्यातून, बाकीचा लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्राव यांतून. यातील जवळजवळ सर्व परत शोषला जातो आणि शौचावाटे जेमतेम १००-२०० मिलिलिटर जातो. हा जमाखर्च थोडासा बिघडला, तरी जुलाब होतात. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, तो पार कोलमडतो.

पटकीचे नाव आज फारसे घेतले जात नाही. पण महाराष्ट्राच्या गावोगावच्या वेशीवरील मरीआईची ठाणी आणि बंगालमधील ओलाबिबीची स्थाने एकाच भयाची साक्ष देतात. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर परिसरातून उसळलेली साथ पुढे साऱ्या हिंदुस्थानात आणि त्याही पलीकडे पसरली. पंढरपूरच्या वारीला निघणाऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे, हे अनेक घरांतील वडीलधारी आजही सांगतात. या रोगात धडधाकट माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते. पेज काढावी तसे पांढुरके पाणी. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, नाडी लागेनाशी होते. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी नसे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या रोगाचा जंतू वेगळा केला. पण तो जंतू नेमके काय करतो, हे कोडे पुढे ७५ वर्षे राहिले. जंतू आतड्याचे अस्तर सोलून काढतो, अशी समजूत प्रबळ होती. अस्तरच उरले नसेल, तर तोंडाने दिलेले पाणी शोषणार कोण? म्हणून रोग्याचे पोट रिकामे ठेवावे, त्याला विश्रांती द्यावी, असा वैद्यकाचा उपदेश असे आणि तहानेने तळमळणाऱ्या रोग्याच्या हातून पेला काढून घेतला जाई. या सल्ल्यामुळे किती जणांचे प्राण गेले, याची गणना कोणी केलेली नाही.

या समजुतीला पहिला हादरा कोलकात्यातच बसला. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तो तुकडा द्रवाने भरून फुगला. १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी त्यापुढचे पाऊल जाहीर केले : जंतू गाळून काढलेला, म्हणजे जंतुविरहित, द्रव घातला तरी तेच घडते. रोग जंतूच्या शरीराने होत नसून त्याने सोडलेल्या विषाने होतो, हे यातून सिद्ध झाले. जगभरच्या संशोधकांनी या कामावर पुढील इमारत रचली. डे यांना मात्र हयातीत स्वदेशात म्हणावा तसा मान मिळाला नाही. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. पुढे रुग्णांच्या आतड्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे दिसले.

मग पाणी जाते कुठून? पटकीचे विष पेशीच्या पटलाला चिकटते आणि पेशी ते स्वतःच गिळते. शाळेच्या पुस्तकातील ‘पेशीय भक्षण’ ते हेच. आत शिरलेले विष पेशीतील एका कळीला ‘चालू’ अवस्थेत कायमचे अडकवून ठेवते. त्यामुळे क्लोराइडची दारे उघडी पडतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत लोटते, त्यामागून सोडिअम जातो आणि त्या दोघांमागून पाणी. मिठाची आत येण्याची नेहमीची एक वाटही याच वेळी मंदावते. म्हणून नुसते मिठाचे पाणी पाजले, तर ते शोषले जात नाही. परंतु सोडिअम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणाऱ्या त्या दाराला विषाचा स्पर्शही होत नाही. घरात पूर शिरला आहे, पण पाणी उपसण्याचे एक साधन सुस्थितीत आहे आणि ते कोणी चालविलेलेच नाही, अशी ही अवस्था होती. आणि आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे येते. विषाने पछाडलेल्या पेशी झडून जातात. रोग्याला तेवढे दिवस पाण्यावाचून मरू दिले नाही, की तो बहुधा वाचतो.

हे कारण ठाऊक नसतानाही एका वैद्याने उपाय करून पाहिला होता. कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रुग्णांना तोंडाने मीठ आणि ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचे लिहिले. जगाने लक्ष दिले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शोषणाची मोजमापे नव्हती, कारणमीमांसा नव्हती, असे आक्षेप नंतर नोंदले गेले, आणि ते खोटे नाहीत. तरीही तोच लेख लंडनच्या एखाद्या रुग्णालयातून आला असता, तर तो इतक्या सहज विसरला गेला असता का, हा प्रश्न उरतोच. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या विशीतील दोन अमेरिकन डॉक्टरांनी काटेकोर मोजमाप करून दाखविले, की ग्लुकोजयुक्त क्षारद्रावण तोंडाने दिल्यास शिरेतून द्यावयाच्या सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात घटते. पण ते काम निष्णात देखरेखीखाली झाले होते. अडाणी आईबापांच्या हाती असले औषध सोपविता येईल, यावर फारच थोड्यांचा विश्वास होता.

तो विश्वास ठेवण्याची वेळ १९७१ ने आणली. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांतून जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगाव हे फाळणीपूर्वी जेसोर जिल्ह्यात मोडणारे गाव, म्हणजे १८१७ च्या साथीच्या उगमापासून जवळच. छावण्यांत पटकी पसरली. जून महिन्याच्या अखेरीस दिलीप महालनोबिस हे कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ तेथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर दाटीने पडलेले होते. सलाईन लावायची, तर मलमूत्रात गुडघे टेकून बसावे लागे. सलाईनचा साठा संपत आला होता आणि ते लावू शकणारी माणसेही मूठभरच होती.

महालनोबिस यांनी ठरविले, की तोंडाने द्यायचे. लिटरभर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम आणि खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. कोलकात्यातील संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत हे मिश्रण मोजून पॉलिथिनच्या पिशव्यांत भरण्यात आले. पिशव्यांची तोंडे कपड्यांच्या इस्त्रीने बंद केली गेली. बनगावात ते पाण्यात मिसळून पिंपांत भरले जाई. सलाईनवर लोकांचा भरवसा होता, म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ म्हटले गेले. नाव ठेवण्यातली ही हुशारी औषधाइतकीच उपयोगी पडली. पाजण्याचे काम परिचारिकांचे नव्हते. ते आई, मुलगी, भाऊ, शेजारी, जो कोणी उशाशी होता त्याचे होते. अगदीच अत्यवस्थ असलेल्यांना तेवढी शिरेतून सलाईन.

आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर असा उपचार झाला. मृत्यूचे प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या घरात होते, ते या केंद्रात ३.६ टक्क्यांवर आले. अहवाल प्रसिद्ध व्हायला मात्र १९७३ उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेतील धीमान बरुआ यांनी हे काम जवळून पाहिले आणि उचलून धरले. सत्तरचे दशक संपण्यापूर्वी संघटनेने आणि युनिसेफने या द्रावणाला जागतिक कार्यक्रमाचे रूप दिले. आज त्याला सारे ‘ओआरएस’ म्हणतात. काही अंदाजांनुसार त्याने ५ कोटींहून अधिक जीव वाचविले आहेत. महालनोबिस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात निवर्तले; पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पालकांच्या दृष्टीने कथेचा यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा. बनगावातील कृतीत साखर अंमळ जास्त होती. पोकळीतील द्रावण रक्तापेक्षा दाट झाले, तर ते पाणी शोषू देण्याऐवजी उलट ओढून घेते. कैरीच्या फोडींचा नियम येथेही सुटत नाही. म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने द्रावण पातळ केले. आजच्या पुडीत लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. या प्रमाणात सोडिअमचे कण आणि ग्लुकोजचे रेणू संख्येने सारखे होतात. बाजारातील गोड सरबते, शीतपेये आणि खोक्यातील फळांचे रस यांत साखर याच्या कितीतरी पट आणि मीठ जवळजवळ नाही. ती जुलाब झालेल्या मुलाला पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. दुकानात वस्तूच्या नावाला न भुलता मागील बाजूचे घटक वाचावेत. ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ असे लिहिलेले आणि प्रमाणे जुळणारे असेल तेच घ्यावे.

आजी-पणजीची मीठ घातलेली तांदळाची पेज या कसोटीला चांगली उतरते. पिष्टाचे रेणू लांबलचक असल्याने द्रावण दाट होत नाही, आणि पचनात त्यातून ग्लुकोज हळूहळू सुटत राहते. पटकीच्या रुग्णांत तांदळावर आधारलेले द्रावण उपयुक्त ठरल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. ज्या स्त्रिया आजाऱ्याला पेज पाजत आल्या, त्यांना सोडिअमचे दार ठाऊक नव्हते. पण त्यांचा हात त्याच दारावर पडत होता.

शहरांत अलीकडे उलटाच आग्रह दिसतो. मूल पाणी पीत असते, लघवी होत असते, तरी ‘डॉक्टर, एक सलाईन लावाच’ अशी मागणी होते आणि ती पुरविलीही जाते. सुई टोचली म्हणजे उपचार झाला, ही भावना जुनी आहे. जे दार निसर्गाने उघडे ठेवले आहे, ते सोडून भिंत फोडण्याचा हा प्रकार होय.

पुडी अर्धी करू नये. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण घालावी आणि ते पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे. पुडी मिळाली नाही, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंहून अधिक खारट लागता कामा नये. बाळाला चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. सोबत जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस द्याव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मात्रा डॉक्टर सांगतील. शौचात रक्त दिसले, मूल सुस्त झाले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर घरी वेळ घालवू नये. तेव्हा मात्र सलाईन लागू शकते, आणि ते रुग्णालयातच मिळते. तेथे पोहोचेपर्यंत, मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चमचा चालूच ठेवावा.